बांगड्यांचं ताट

आधी एक कबुली देते आणि मग लिहायला लागते. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी आमच्या गावच्या पोरांनी क्रिकेटचा सामना जिंकला आणि मला मनापासून आनंद झाला. गटातल्या मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "तुला कधीपासून क्रिकेटचं वेड लागलं?" म्हणाल्या. वेड नाही. पण त्या दिवशी मी दुपारभर देवळाच्या पायरीवर बसून होते, ओरडत होते, आणि शेवटची धाव निघाली तेव्हा शेजारच्या म्हातारीला मिठी मारली. हे खरं आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती त्यानंतरच्या दहा मिनिटांची. लिहायला बसले आहे ती त्या दहा मिनिटांमुळे.

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या भागात दोन गावांच्या मध्ये एक ओढा आहे. ओढ्याच्या अलीकडे माझं सासर, पलीकडे माझं माहेर. अंतर म्हणाल तर अर्ध्या तासाची चाल. या दोन गावांचं क्रिकेटमधलं वैर जुनं आहे. टेनिस बॉल, आठ षटकांचा सामना, गावोगावचे संघ, प्रवेश फी, कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स, माईकवर कॉमेंट्री, हे सगळं तुमच्याकडेही असतंच. ऊस तुटून गेला की पोरांना थोडी सवड होते आणि शनिवार-रविवार हे सामने सुरू होतात. गेली तीन वर्षं माझ्या माहेरच्या संघाने माझ्या सासरच्या संघाला हरवलं होतं. आमची पोरं नाक्यावर चहाला थांबली तरी पलीकडची पोरं गाडीवरून जाताना तीन बोटं दाखवून जायची.

आता ही दुश्मनी कुणाची? पुरुषांची. बायकांची त्या गावाशी दुश्मनी कशी असेल? आमच्या आळीतल्या पाच घरांत त्या गावच्या सुना आहेत. मी त्यातलीच एक. आणि आमच्या गावच्या कितीतरी लेकी तिकडे दिल्यात. ज्या गावाला पुरुष "दुसरी पार्टी" म्हणतात, ते आमच्यातल्या कुणाचं आईचं घर आहे, कुणाच्या लेकीचं. दोन वर्षांपूर्वी पंचाच्या एका निर्णयावरून मैदानात मारामारी झाली. दोघांची डोकी फुटली. आठ दिवसांनी आमच्या गावची जत्रा होती. त्या जत्रेला पलीकडे दिलेल्या आमच्या लेकींना त्यांच्या घरच्यांनी पाठवलं नाही. पोरांनी मार खाल्ला, टाके पडले, दोन महिन्यांत पुन्हा खेळायला लागले. आमच्या शेजारच्या म्हातारीची लेक मात्र त्या वर्षी आईला भेटली नाही, आणि त्याची नोंद कुणाच्या स्कोअर-वहीत झाली नाही.

तर यंदाचा अंतिम सामना याच दोन गावांत, आमच्या शाळेमागच्या गायरानावर. सकाळपासून आमच्या घरात तव्यावरून भाकरी उतरत होती. संघाचं जेवण आमच्या आळीकडे होतं. माझा पुतण्या, म्हणजे धाकट्या दिरांचा मुलगा, संघातला चांगला फलंदाज. आणि पलीकडचा सर्वांत जोरात बॉल टाकणारा पोरगा कोण, तर माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. माझा भाचा. सामन्याआधी तो सरळ आमच्या घरी आला, चुलीपुढे बसून भाकरी-पिठलं खाल्लं आणि विचारलं, "आत्या, तू आज कुणाकडनं?" पुतण्या दारातून ओरडला, "काकू आमच्याकडनं! आमच्या घरात जेवती ती." मी म्हटलं, "तुम्ही दोघंही माझ्या हातचं खाताय, मी भाकरीच्या बाजूनं." सगळे हसले. पण प्रश्न मनात राहिला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. कुणाच्या विजयात माझा विजय मानायचा, हे बाईला कुणी कधी विचारतं का? ती ज्या घरात जेवते त्या घराच्या बाजूने, असंच धरलेलं असतं.

सामना रंगला. पलीकडच्यांनी आठ षटकांत ७१ धावा केल्या. आमची सुरुवात वाईट झाली. मग पुतण्याने फटके मारले आणि शेवटच्या षटकात ११ धावा उरल्या. बॉल माझ्या भाच्याच्या हातात. पहिल्या बॉलला एक धाव, दुसऱ्याला चौकार. तिसऱ्याला पुतण्या झेल देऊन बाद. आता आमचा शेवटचा गडी आला. हा पोरगा दुधाच्या टेम्पोवर काम करतो, पहाटे तीनला उठतो. त्याला संघात घेतात ते अकरा भरावेत म्हणून. त्याने कशीबशी एक धाव काढली. पाचव्या बॉलला पलीकडच्या टोकाच्या पोराने चौकार मारला. धावसंख्या सारखी झाली, एक बॉल उरला. तो बॉल बॅटला लागलाच नाही. पण टेम्पोवरचा पोरगा बॉल सुटताक्षणीच धावत सुटला होता. यष्टिरक्षकाने फेकलं, बॉल दांड्यांना चुकला, आणि तो धुळीत पालथा पडून पोचला. जिंकलो.

मैत्रिणींनो, तो क्षण खराच सुंदर होता. ज्याला कुणी मोजत नव्हतं त्याने सामना जिंकून दिला. तोही फटका मारून नाही, वेळेवर धावून. माझा भाचा कमरेवर हात ठेवून उभा होता. मग तो हसला, पुढे गेला आणि धुळीतल्या पोराला हात देऊन उठवलं. मला वाटलं, चला, यंदा जत्रेला लेकी येतील.

तेवढ्यात ताट आलं.

आमच्या गावच्या चार-पाच मोठ्या माणसांनी, होय, पोरांनी नाही, चाळिशी ओलांडलेल्या बाप्यांनी, आधीच तयारी करून ठेवली होती. पितळी ताटात हिरव्या बांगड्या, हळदीकुंकू आणि एक खण. गुलाल उधळत, हलगीच्या तालावर ते ताट पलीकडच्या संघापुढे नेलं. "भरा बांगड्या! तीन वर्षं लई उडत हुता, आता भरा!" माईकवरचा कॉमेंट्रीवालाही हसत होता. एकाने माझ्या भाच्याचा हात धरला आणि बांगडी चढवायला लागला. भाच्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्याने गर्दीत इकडेतिकडे पाहिलं. मला वाटतं तो मला शोधत होता.

आणि मी उठले नाही.

दरवर्षी ८ मार्चला मी कुठल्या ना कुठल्या गावात बोलते. "बाईपण म्हणजे कमीपणा नव्हे" हे वाक्य मी किती शिबिरांत म्हटलं असेल! पण त्या दिवशी समोर दीर होते, चुलत सासरे होते, अख्खी भावकी होती, आणि जिंकल्याची धुंदी होती. उठले असते तर "माहेरच्यांचा पुळका आला" असं म्हणाले असते. त्या एका वाक्याच्या भीतीने मी पायरीला चिकटून राहिले. सासरी सव्वीस वर्षं काढून, संघटनेत वीस वर्षं घालवून ही माझी अवस्था. म्हणून दुसऱ्या कुणा बाईला "तू का बोलली नाहीस" असं विचारताना मी यापुढे दोनदा विचार करीन.

उठली ती माझी धाकटी जाऊ. ती कधी बैठकीला येत नाही. "तुमचं ते बायकांचं चालू द्या," म्हणते. पण ते ताट तिचं होतं. पोरं जिंकून आली की ओवाळायला म्हणून तिने घासूनपुसून ठेवलं होतं आणि कुणीतरी ते घरातून उचलून आणलं होतं. ती पदर खोचून गर्दीतून सरळ आत गेली आणि म्हणाली, "माझं ताट हाय ते. द्या हिकडं." कुणीतरी म्हणालं, "वहिनी, जरा थांबा, चेष्टा चाललीय." तिने ताट ओढून घेतलं, बांगड्या पदरात ओतल्या आणि भाच्याच्या हातात अडकलेली बांगडीही हलकेच काढून घेतली. म्हणाली, "ह्यात चेष्टा कसली? बांगड्या काय वंगाळ हायत? माझ्या लेकीला हुतील." आणि निघून आली. हलगी दोन ठोके थांबली, मग पुन्हा सुरू झाली. पण पहिल्यासारखी नाही.

संध्याकाळी चषक देण्याचा कार्यक्रम झाला. आमच्या सरपंच बाई आहेत. चषक त्यांच्या नवऱ्याच्या हस्ते दिला गेला, हे आता सांगण्यासारखं तरी राहिलं आहे का? मग मिरवणूक आळीत आली आणि सवाष्णींनी पोरांना ओवाळलं. तेच ताट, आता त्यात निरांजन. एकेका पोराची आई, चुलती, बहीण पुढे येत होती. टेम्पोवरच्या पोराची आई मात्र भिंतीला टेकून मागे उभी होती. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचा नवरा गेला. दुसऱ्याच्या रानात रोजाने जाते. ज्याच्यामुळे सामना जिंकला त्याला दुसऱ्याच बाईने कुंकू लावलं, आणि आईने लांबूनच कानशिलावर बोटं मोडली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुपारी मैदानात बांगड्या ही शिवी होती. संध्याकाळी आळीत बांगड्या नसणं हा अपशकुन होता. पुरुषाच्या हातात घातल्या तर त्याची अब्रू जाते. बाईच्या हातातून फोडल्या तर तिची अब्रू जाते. म्हणजे बांगडी ही वस्तू मुळात नाहीच, बाई कुणाची आणि तिची किंमत काय हे लिहिलेली ती पाटी आहे. नवरा असला तर भरायच्या, नसला तर फोडायच्या, आणि पुरुष हरला की त्याला दाखवायच्या. या तिन्ही वेळा काचेचा चुडा तोच, आणि ठरवणारेही तेच.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करायचं ठरवलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही याचं अनुकरण करावं असं परिपत्रक काढलं. आमच्या ग्रामपंचायतीनेही तसा ठराव केला आहे. कागदावर आहे. पण कागदावरच्या ठरावाने ती आई भिंतीपासून पुढे आली नाही. कारण तिला पुढे ये म्हणणारं आमच्यात कुणी नव्हतं. मीही नव्हते.

आता जरा आपल्या घरातला केर काढू. "बांगड्या भरा" हे फक्त मैदानातले पुरुष म्हणतात का? आपण नाही म्हणत? दुष्काळाच्या एका वर्षी टँकरसाठी आम्ही दीडशे बायका हंडे घेऊन एका कार्यालयावर गेलो होतो. साहेब भेटेनात. तेव्हा आम्हीच त्यांच्या टेबलावर बांगड्या ठेवल्या. फोटो निघाला, पेपरात आला, तिसऱ्या दिवशी टँकर आला. किती अभिमान वाटला होता! तुमच्यातल्या कितीजणींनी असे बांगड्यांचे आहेर केले असतील. दारूबंदीच्या मोर्चात, रस्त्याच्या मोर्चात, विजेच्या मोर्चात. बातमीही हमखास होते, कारण छापणाऱ्यालाही ती चेष्टा कळते.

पण आपण त्या साहेबाला नेमकं काय सांगत होतो? की तू नालायक आहेस, म्हणजे तू बाई आहेस. आणि हे सांगायला गेलेल्या दीडशे जणी कोण होत्या? उन्हात आठ किलोमीटर चालत आलेल्या, घागरी वाहणाऱ्या बायका. पाणी आणलं कुणी? बांगड्या घातलेल्या हातांनी. आणि तेच हात नालायकपणाची खूण म्हणून आपणच पुढे केले. काहीजणी म्हणतील, "अगं, त्यांच्याच भाषेत बोललं तर त्यांना कळतं." खरं आहे, लगेच कळतं. पण त्यांची भाषा वापरून आपण एक टँकर मिळवला आणि ती भाषा मात्र पक्की केली. आज माझ्या भाच्याच्या हातात बांगडी चढवणाऱ्यांपैकी एकजण मला नंतर काय म्हणाला माहीत आहे? "वहिनी, तुम्हीच न्हाई का त्या सायबाला बांगड्या दिल्या? तवा तुम्हाला चाललं!" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून हा लेख लिहिते आहे. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या मोर्चांतून बांगड्यांचा आहेर कायमचा बंद व्हायला हवा. साहेबाला द्यायचंच असेल तर रिकामा हंडा द्या. त्याला आपला प्रश्न तरी कळेल.

दुसरी गोष्ट माझ्या पुतणीने दाखवून दिली. ती नववीत आहे. जाऊबाईने आणलेल्या त्या बांगड्या हातात चढवून ती रात्री माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काकू, ह्या घालून बॉल टाकता येत न्हाई असं त्यांना वाटतं का?" ही पोरगी परड्यात भिंतीवर खडूने तीन रेघा ओढून तासन्‌तास बॉल टाकते. गायरानावर मात्र ती कधी गेलेली नाही. तिथे संध्याकाळी चारपासून अंधार पडेपर्यंत मुलगे असतात. शाळेचा मुलींचा खो-खोचा संघ होता, तोही याच कारणाने बंद पडला. मुली कुठे असतात? देवळाच्या गच्चीवर, सामना बघायला. टाळ्या वाजवायला.

मी तिला आणि नंतर संघातल्या पोरांनाही एक गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात ब्रॅम्ली आणि हॅम्बल्डन अशी दोन शेजारची गावं आहेत. २६ जुलै १७४५ रोजी गिल्डफर्डजवळच्या गॉस्डेन कॉमनवर, म्हणजे आपल्या भाषेत गायरानावरच, या दोन गावांत क्रिकेटचा सामना झाला. खेळणाऱ्या कोण? ब्रॅम्लीच्या अकरा मुली आणि हॅम्बल्डनच्या अकरा मुली. सगळ्या पांढऱ्या कपड्यांत. ब्रॅम्लीच्या मुलींच्या डोक्याला निळ्या फिती, हॅम्बल्डनच्या मुलींच्या लाल. ब्रॅम्लीच्या ११९ धावा झाल्या, हॅम्बल्डनच्या १२७. तेव्हाच्या वर्तमानपत्राने हे सगळं फितींच्या रंगासकट छापलं, म्हणून आज आपल्याला माहीत आहे. गावागावातल्या क्रिकेटचं वैर जुनं आहे म्हणता ना? मग त्यात पोरी पावणेतीनशे वर्षांपासून आहेत.

पुढचंही सांगितलं. बायकांचा पहिला विश्वचषक १९७३ साली इंग्लंडमध्ये झाला, पुरुषांचा त्यानंतर दोन वर्षांनी, १९७५ साली. आपल्याकडे १९७३ सालीच महिला क्रिकेटची संघटना उभी राहिली आणि १९७८ चा बायकांचा विश्वचषक भारतात झाला. त्या काळच्या खेळाडू रेल्वेच्या बिनारिझर्व्हेशनच्या डब्यातून, स्वतःचं सामान स्वतः उचलून सामन्यांना जायच्या. क्रिकेटच्या नियामक मंडळाने त्यांना आपल्यात घेतलं ते थेट २००६ साली. आणि आंतरराष्ट्रीय सामन्याचं मानधन पुरुषांइतकं करायचं जाहीर झालं ऑक्टोबर २०२२ मध्ये. मग २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघात सलामीला येणारी स्मृती मानधना आपल्या सांगलीत वाढलेली. त्या रात्री आमच्या गावात याच पोरांनी फटाके वाजवले होते. मी त्यांना विचारलं, "त्या बायकांनी जिंकलं तेव्हा फटाके, आणि पलीकडची पोरं हरली तेव्हा बांगड्या. ह्या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात कशा मावतात रे?"

पोरं गप्प बसली. वाईट नाहीत ती. दुधाच्या टेम्पोवाला म्हणाला, "काकू, ताटाचं आम्हाला म्हाईतच नव्हतं." ते खरं असावं. पण ताट आल्यावर हसले सगळे, हेही खरं.

मग आम्ही गटाच्या बायकांनी संघाबरोबर एक बैठक घेतली. तीन गोष्टी मागितल्या. पहिली, यापुढे जिंकल्यावर कुणाला बांगड्या दाखवायच्या नाहीत, आणि मोठी माणसं दाखवत असली तर संघाने मैदान सोडायचं. दुसरी, ज्याला ओवाळायचं असेल त्याला त्याच्या आईने ओवाळायचं, तिचा नवरा असो वा नसो. तिसरी, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी गायरान मुलींचं. त्या दिवशी मुलग्यांनी तिथे जायचं नाही, बघायलाही नाही.

दुसरी गोष्ट पोरांनी लगेच मान्य केली. पहिलीवर तासभर वाद झाला, "मग त्यांनी आम्हाला दाखवल्या तर?" इथपर्यंत गेला, पण शेवटी मान्य झाली. तिसरी निघाली आणि सगळे जमिनीकडे बघायला लागले. "पोरी कुठं खेळत्यात?" "संध्याकाळी स्वयपाकाची येळ असती." "दिवे न्हाईत, कोण जबाबदारी घेणार?" "पिच आम्ही तयार केलंय." मैत्रिणींनो, यातून मी एक धडा घेतला. मान द्यायचा म्हटलं की पुरुष तयार होतात. ताट, निरांजन, आईचा सत्कार, यात त्यांचं काही जात नाही. पण जागा आणि वेळ मागितला की हात आखडतो. आणि खरी गोष्ट तीच आहे. ज्या पोरीला रोज दोन तास मोकळं मैदान मिळेल, तिच्या भावाला बांगड्यांची चेष्टा सुचणार नाही. कारण बांगड्यांच्या हातातून सुटलेल्या बॉलवर तो स्वतः त्रिफळा उडून परत आलेला असेल.

म्हणून आम्ही तो तिसरा मुद्दा महिला सभेत नेला. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, असं आपल्या राज्याच्या कायद्यात आहे. बहुतेक गावांत ती वहीतच होते, घरोघरी सह्या गोळा करून. यंदा आम्ही ती खरोखर भरवली. शाळेच्या व्हरांड्यात चौसष्ट बायका आल्या. माझी धाकटी जाऊ पहिल्यांदा आली आणि पहिल्या रांगेत बसली. ठराव लिहिला: गायरानावर मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी मुली खेळतील, आणि दिव्याचा खर्च ग्रामपंचायत करील. संघाला पिचसाठी मुरूम ग्रामपंचायतीनेच दिला होता, मग दिवे का नाहीत? हा ठराव आता ग्रामसभेपुढे जाईल. मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. भावकीतून कुजबुज सुरू झाली आहे. "माहेरच्यांचा पुळका" हे वाक्य, जे ऐकायला लागू नये म्हणून मी पायरीवर बसून राहिले होते, ते शेवटी ऐकायला लागलंच. ऐकलं आणि कळलं की त्याने काही मरायला होत नाही.

भाच्याचा फोन आला होता. मी त्याची माफी मागितली. म्हटलं, "मी उठायला पायजे हुतं." तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आत्या, त्या हातात घातल्या तवा मला राग आला. पण घरी आल्यावर आईच्या हातातल्या बघितल्या आणि वाटलं, मला राग कशाचा आला?" त्याच्या आईने त्याला इतकी वर्षं त्याच हातांनी वाढलं. हा प्रश्न त्याला पडला, हे मला आमच्या चषकापेक्षा मोठं वाटतं.

तरीही सांगते, चषकाचा आनंद मी सोडणार नाही. आपण चळवळीतल्या बायका कधीकधी आनंदाला घाबरतो, आनंद झाला की कुठेतरी चूक झाली असं वाटतं. तसं नाही. शेवटचा गडी धुळीत पालथा पडून पोचला, तो विजय माझाही आहे. त्या सकाळच्या भाकऱ्या माझ्या आहेत, सोमवारी गुलालाने भरलेले अकरा टी-शर्ट तीन पाण्यांतून काढणाऱ्या बायकांचाही तो आहे. आम्हाला विजयातून उठून जायचं नाही. त्यात आमची जागा हवी आहे. टाळ्यांची नाही, खेळण्याची.

तुमच्या गावात मैदान कुणाचं आहे? तुमच्या मोर्चात बांगड्या अजून निघतात का? माझं मत पटत नसेल तर तसंही लिहा, भांडू आपण. आणि पुढच्या अंकापर्यंत आमच्या गायरानावर दिवे लागले तर मीच कळवीन. पुतणीने तर आत्ताच ठरवलं आहे की पलीकडच्या गावच्या मुलींना सामन्याचं बोलावणं धाडायचं. त्यांच्या फिती कुठल्या रंगाच्या, एवढंच ठरायचं राहिलं आहे.